गंगव्वाच्या छतावरची पेन्सिल

घर बघायला गेलं की शाल्मली सर्वांत आधी कपाटात डोकं घालायची. बाकीचे लोक हॉल किती मोठा ते बघतात, बाल्कनीतून झाडं दिसतात की समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी ते बघतात. ही सरळ आतल्या खोलीत जायची, भिंतीतल्या कपाटाचं दार उघडायची, कंबरेत वाकून आत शिरायची आणि डोळे मिटून खोल श्वास घ्यायची. दलालांना वाटायचं, बाईंचं काहीतरी आत पडलंय. तिच्या नवऱ्याला, सुशांतला, आता याची सवय झाली होती. तो दलालाला हळूच सांगायचा, "दोन मिनिटं थांबा, मॅडमचं नाक काम करतंय."

नाकाला कारण होतं. बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्यांची तीन वर्षं गेली होती. नागपूरची शाल्मली, पुण्याचा सुशांत, दोघांच्या नोकऱ्या इथल्या, आणि साडेचार वर्षांची निधी. गेल्या पावसाळ्यापासून निधीच्या छातीत सूं सूं वाजायला लागलं. डॉक्टर झाले, औषधं झाली, वाफेचं मशीन घरात आलं. मशीनच्या मास्कला निधी 'हत्ती' म्हणायची आणि हत्ती लावून निमूट बसायची. तिचं ते निमूट बसणंच शाल्मलीला सहन होत नसे. मग दिवाळीच्या साफसफाईत मुलीच्या पलंगाशेजारचं कपाट पुढे ओढलं, तर मागे भिंतभर काळी बुरशी, कुणी देशोदेशींचे नकाशे काढून ठेवल्यासारखी. भिंतीपलीकडे बाथरूम होतं. पोरगी वर्षभर त्या कपाटाकडे डोकं करून झोपत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध मी देते, पण भिंत तुम्हालाच बदलावी लागेल.

त्या दिवशी शाल्मलीनं ठरवलं, आता घर विकत घ्यायचं आणि ते कोरडंच घ्यायचं. मजला कुठलाही चालेल, जुनं चालेल, दिशा-बिशा तर काहीही चालतील. पण घर कोरडं आहे असं कुणीतरी जाणकारानं कागदावर लिहून द्यायला हवं.

बारावा फ्लॅट आवडला. सर्जापूर रोडच्या आतल्या बाजूला, बारा-तेरा वर्षांपूर्वीची चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा ३०४. दोन खोल्यांपैकी धाकटी निधीची होणार हे निधीनं दारातच ठरवून टाकलं. त्या खोलीत बाथरूमच्या भिंतीला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत सागवानी कपाट होतं, भिंतीत ठोकून बसवलेलं. शाल्मली आत शिरली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, आणखी कसलाच नाही. तिला घर आवडलं, आणि आवडल्याबरोबर तिचा त्याच्यावरचा विश्वास उडाला.

घराचे मालक सूर्यकांतराव शहराच्या जुन्या भागातल्या चामराजपेटचे. चार पिढ्या बेंगळुरूत काढलेलं मराठी घराणं, लग्नपत्रिका छापायचा छोटा छापखाना. मुलाच्या आग्रहानं त्यांनी इकडे फ्लॅट घेतला, पण बायकोला इकडची भाजी पसंत पडेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी दोघं परत चामराजपेटला गेले. तेव्हापासून घर बंद. फोनवर ते म्हणाले, "गुढीपाडव्यापर्यंत मी थांबतो नं अम्मा. पाडव्याला टोकन दिलात तर घर तुमचं. नाहीतर दुसरे एक जण आहेत, ते रोज फोन करतात."

पाडव्याला आठ दिवस होते. शाल्मलीनं घर तपासून देणारी एक कंपनी गाठली.

शनिवारी सकाळी कंपनीचा दयानंद आला. निपाणीकडचा, तिशीचा, पाठीवर ही मोठी बॅग. आधी इंग्रजीत बोलला, मग या दोघांचं आपसातलं बोलणं ऐकून एकदम मराठीवर आला आणि सगळ्यांनाच बरं वाटलं. त्यानं ओल मोजायचं यंत्र भिंतीभिंतीला टेकवलं, गार-गरम दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून छत पाहिलं, सगळे नळ सोडले, सगळी बटणं दाबली. लांब दांडीनं तो एकेक टाइल ठोकून बघत होता आणि निधी त्याच्या मागोमाग जाऊन घरून आणलेल्या उलथन्यानं तीच टाइल परत ठोकत होती. एका टाइलवर ती म्हणाली, ही पोकळ आहे. दयानंदनं परत ठोकली. खरंच पोकळ होती. त्यानं गंभीरपणे तिचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं.

सोमवारी अहवाल आला. बहात्तर पानांचा. सुशांतनं ऑफिसात छापून आणला, कारण शाल्मलीला हातात धरून वाचल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नसे. एकूण सत्तेचाळीस दोष, सगळे किरकोळ: स्वयंपाकघरातला एक सॉकेट ढिला, बाल्कनीचा उतार चुकीकडे, पाच टाइल पोकळ. ओल कुठेही नाही. प्रत्येक भिंतीचा फोटो, फोटोशेजारी आकडा, आकड्याशेजारी हिरवा ठिपका. सुशांतनं चहा टाकला आणि म्हणाला, "झालं. बहात्तर पानं कोरडी. आता टोकन देऊन टाकू."

शाल्मली पुढे वाचत होती. अडुसष्टाव्या पानावर ती थांबली. त्या पानाचं शीर्षक होतं, 'आम्ही न तपासलेल्या गोष्टी'. बारीक अक्षरात लांबलचक यादी होती: काँक्रीटच्या आतल्या सळ्या, भिंतीतले पाइप, शेजारची घरं. आणि चौथ्या ओळीत, 'दुसऱ्या बेडरूममधील, भिंतीत बसवलेल्या कपाटामागची भिंत. पाहता आली नाही.'

"अख्ख्या घरात मला एकच भिंत बघायची होती," ती म्हणाली.

सुशांतनं पान हातात घेतलं, वाचलं आणि चहाचा गॅस बारीक केला.

दुसऱ्या दिवशी तिनं दयानंदला फोन लावला. जरा चिडूनच लावला होता. एवढी यंत्रं घेऊन येता आणि नेमकी तीच भिंत सोडता, अशा सुरात ती बोलली. दयानंद शांतपणे ऐकत राहिला. मग त्यानं समजावलं, की हात पोचेल आणि डोळ्याला दिसेल तेवढंच आम्ही बघतो. दुसऱ्याच्या घरातलं ठोकून बसवलेलं कपाट आम्हाला उचकटता येत नाही. "आणि मॅडम, खरं सांगू? कपाट काढलं असतं तरी भिंत कोरडीच दिसली असती. घर दोन वर्षं बंद आहे. कुणी अंघोळच केलेली नाही, तर गळणार काय? माझं यंत्र शनिवारी सकाळी अकरा वाजता काय होतं ते सांगतं. तुम्ही राहायला गेल्यावर काय होणार ते त्याला कुठून कळणार?"

शाल्मलीनं समोरचा अहवाल मिटला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते सगळे हिरवे ठिपके एका शनिवारचे होते.

दयानंद थोडा घुटमळला. म्हणाला, कंपनीच्या कागदावर हे लिहिता येत नाही, पण आपल्याकडचा माणूस म्हणून सांगतो. "आमच्या बहिणीचं स्थळ बघायला गेलो तेव्हा चहा आम्ही मुलाच्या घरी प्यालो, पण चौकशी केली शेजारच्या पिठाच्या गिरणीत. पाणी कुठं वर थांबतंय, मॅडम? तुम्ही खालच्या घरी विचारलं का?"

नव्हतं विचारलं. बारा फ्लॅट पाहिले, प्रत्येक इमारतीचे नेटवरचे तारे मोजले, विमानतळापासूनचं अंतर मोजलं, आणि एकाही घराच्या खालची घंटा वाजवली नव्हती. इथे तीन वर्षं राहून त्यांना स्वतःच्या खालचे लोकसुद्धा फक्त सोसायटीच्या ग्रुपवरच्या फ्लॅट-नंबरानं माहीत होते. आईला फोनवर हे सांगितलं असतं तर तिनं कपाळावर हात मारला असता. नागपूरला आई साधी पापडवाली बदलायची तरी चार घरी विचारून बदलते.

बुधवारी संध्याकाळी शाल्मली निधीला घेऊन २०४ च्या दाराशी उभी राहिली. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून डबाभर चिवडा घेतला होता, आणि काय बोलायचं ते जिन्यात दोनदा घोकलं होतं. आम्ही वरचं घर बघतोय, सहज ओळख करून घ्यावी म्हटलं, वगैरे. दार उघडलं ते सत्तरीच्या, ठेंगण्या, हिरवं इरकली लुगडं नेसलेल्या आजींनी. शाल्मलीनं तोंड उघडायच्या आत निधी म्हणाली, "आजी, तुमचं छत गळतं का?"

आजी तिच्याकडे बघतच राहिल्या. मग दाराला धरून हसायला लागल्या. "सात वर्सं झाली," त्या म्हणाल्या, "कुणीतरी यील आन हे इचारंल म्हणून बसलीया मी. या आत."

त्या गंगव्वा. चिकोडीकडच्या, मुलगा इथल्या एका कंपनीत, सून दवाखान्यात, दोघंही रात्रीशिवाय घरी सापडत नाहीत. चिवड्याचा डबा ठेवून घेऊन, निधीच्या हातात शेंगदाण्याचा लाडू देऊन त्यांनी दोघींना थेट आतल्या खोलीत नेलं. खोली हुबेहूब वरच्यासारखी. फक्त बाथरूमच्या भिंतीला कपाट नव्हतं. "होतं की. कुजलं. काढून टाकलं," गंगव्वा म्हणाल्या आणि वर बोट दाखवलं.

छताच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा एक डाग होता. त्या डागावर पेन्सिलीनं रेघा ओढल्या होत्या, एकाबाहेर एक, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. प्रत्येक रेघेपाशी इवल्या आकड्यात साल घातलेलं. अठरा, एकोणीस, वीस. दर पाडव्याला गुढी उभारून झाली की गंगव्वा स्टुलावर चढायच्या आणि डाग कुठवर आला ती हद्द आखायच्या. गावाकडं नदीचं पाणी देवळाच्या भिंतीवर असंच आखतात, म्हणाल्या. तेवीसची रेघ सगळ्यांत मोठी, परातीएवढी. चोवीसची मात्र तेवीसवरच गिरवलेली.

"म्हणजे थांबलं?" शाल्मलीनं विचारलं.

गंगव्वांनी खांदे उडवले. वरच्या सूर्यकांतरावांनी जाता जाता बाथरूमची सगळी फरशी उखडून नवी बसवली, हे खरं. पण बसवली आणि दुसऱ्याच आठवड्यात ते चामराजपेटला राहायला निघून गेले. दुरुस्तीनं थांबलं, की कुणी पाणीच ओतलं नाही म्हणून थांबलं, ते कसं कळणार? "आन पुरं काम तरी कुठं झालं," त्या म्हणाल्या. तेव्हा सूर्यकांतरावांच्या प्लंबरला खालून, गंगव्वांच्या न्हाणीतून, पाइप बघायचा होता. पण तसं सांगायला त्यांनी वॉचमनला धाडलं. "माझ्या घरात यायचं तर सोता यावं की न्हाई? दोन जिने उतरायला काय झालंतं? म्या न्हाई म्हटलं." तेव्हापासून बोलणं बंद.

शाल्मली मान वर करून डागाकडे बघत राहिली. अडुसष्टाव्या पानावरची भिंत तिला कुणीच दाखवू शकत नव्हतं. पण त्या भिंतीच्या पायाशी काय मुरतं ते सात वर्षं तारखेनिशी या कोपऱ्यात उमटत होतं, आणि बहात्तर पानांत त्याचा उल्लेख नव्हता.

रात्रीचं जेवण होईपर्यंत तिनं दयानंदला पुन्हा विचारून घेतलं. उपाय साधा होता. बाथरूमची जाळी चिंधी आणि प्लॅस्टिकनं गच्च बुजवायची, उंबऱ्यापर्यंत दोन बोटं पाणी भरायचं, दोन दिवस तसंच ठेवायचं आणि खालचं छत बघत बसायचं. मग कंपनी हे का करत नाही, तर एक किल्ली मालकाकडे, एक खालच्यांकडे, आणि दोन दिवस कुणाकडेच नाहीत.

गुरुवारी तिनं सूर्यकांतरावांना फोन केला. सुशांतचं म्हणणं होतं, म्हातारा भडकेल आणि घर दुसऱ्याला देऊन मोकळा होईल. शाल्मलीनं निधीच्या छातीचं सांगितलं, कपाटाचं सांगितलं, पेन्सिलीच्या रेघांचंही सांगितलं.  पलीकडे छापखान्याचं यंत्र धडधडत होतं.

"रेघा मारून ठेवल्यात?" ते म्हणाले.

"हो. सालासकट."

"सरी, ठीक आहे. भरा पाणी. पण मीसुद्धा येऊन बसणार. माझ्या घराची परीक्षा माझ्या पाठीमागं नको."

शुक्रवारी सकाळी बाथरूम भरलं. ऐन मार्चमध्ये, गल्लीत टँकरची रांग लागलेली असताना बाथरूमचं तळं करताहेत म्हटल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. हे पाणी नंतर बादल्यांनी काढून जिना पुसायला देणार असं शाल्मलीनं कबूल केलं, तेव्हा ते गेले. सुशांतनं घरून काम घेतलं होतं आणि त्या रिकाम्या घरात, उलट्या बादलीवर लॅपटॉप ठेवून मीटिंगला बसला होता. निधीला आयुष्यात पहिल्यांदा आईनं स्वतः बाथरूममध्ये पाणी साठवून दिलं होतं. तिनं अहवालाच्या होड्या करायला घेतल्या. शाल्मलीच्या लक्षात येईस्तोवर पहिली वीस पानं पाण्यात गेली होती आणि हिरवे ठिपके विरघळून पाण्यावर तवंग धरत होते. तिनं अडुसष्टावं पान तेवढं काढून पर्समध्ये ठेवलं आणि उरलेले कागद मुलीला दिले.

अकराच्या सुमाराला सूर्यकांतराव आले. दोन बस बदलून, पांढरी पँट, हातात खारा बनचा, म्हणजे तिखट पावांचा, पुडा. खालच्या दारात ते थबकले. गंगव्वा आत कोपऱ्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी मान न वळवता शाल्मलीला सांगितलं, की त्यांना म्हणावं आत या, खुर्ची आहे. सूर्यकांतरावांनी शाल्मलीला सांगितलं, की त्यांना म्हणावं थँक्स. दोघांमध्ये जेमतेम चार फूट अंतर होतं.

मग दिवसभर दोन म्हातारी माणसं एका छताकडे बघत बसली. शाल्मली ऑफिसचं काम फोनवर रेटत वर-खाली करत होती. दर तासाला ती स्टुलावर चढून कोपऱ्याला टिश्यू पेपर टेकवायची. कोरडा. दुपारी गंगव्वांनी भाकरी आणि झुणका केला, आणि निरोप द्यायला शाल्मली जवळ नसल्यामुळे ताट त्यांना स्वतःच पुढे करावं लागलं. संध्याकाळी शाल्मली खाली आली तर सूर्यकांतराव सांगत होते, चामराजपेटला अजून चांगली ज्वारी कुठे मिळते, आणि गंगव्वा त्यांना खोडून काढत होत्या. छताकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती स्टुलावर चढली. कोरडा.

शनिवारी बारा वाजता वर बाथरूममध्ये निधी शेवटच्या होडीला नाव देत होती आणि खालून गंगव्वांची हाक आली. त्यांचा आवाज नळाच्या डक्टमधून थेट वर यायचा. "ए पोरी, लवकर ये."

शाल्मली जिना कसा उतरली ते तिला कळलं नाही. खोलीतला कोपरा तिनं आधी पाहिला. डाग तसाच, रेघेच्या आत. गंगव्वा आतून, न्हाणीतून बोलावत होत्या. तिथे छतातून जाड पाइप उतरत होता आणि पाइपाच्या भोवती ओलसर कडं धरलं होतं. रुपयाएवढं. त्यातून एक थेंब सावकाश लांबत होता.

सूर्यकांतराव न्हाणीच्या दारात उभे होते. दोन दिवसांत पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले. "संपूर्ण फरशी नवी घातली होती मी," ते म्हणाले. कुणाशी बोलत होते कोण जाणे.

सुशांत निधीला कडेवर घेऊन आला आणि शाल्मलीकडे बघायला लागला. पाडवा उद्या. त्याच्या चेहऱ्यावर तेरावा फ्लॅट दिसत होता.

शाल्मलीनं दयानंदला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं फोन पाइपाजवळ न्यायला लावला, मग खोलीतल्या कोपऱ्याजवळ, मग परत पाइपाजवळ. कोपऱ्याला बोट लावून बघा म्हणाला. शाल्मलीनं आधी बोट लावलं, मग सगळा तळवा टेकवला. छत उन्हात वाळलेल्या पापडासारखं खडखडीत होतं. दयानंद म्हणाला, म्हणजे फरशी पाणी धरतेय आणि तुमच्या कपाटाच्या भिंतीकडे काही जात नाही. पाइप स्लॅबमधून उतरतो ती भोवतालची फट तेवढी राहिलीये. "अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण ते वरून आणि खालून, दोन्हीकडून भरावं लागतं. नुसतं वरून केलं तर परत येणार. खालच्यांनी न्हाणीत माणूस घेतला पाहिजे."

फोन बंद झाला. थेंब सुटला आणि बादलीत टपकन पडला.  शाल्मलीला बोलावंसं वाटत होतं. मध्यस्थीचं एक वाक्य तिनं जुळवतही आणलं होतं, पण तेवढ्यात सूर्यकांतरावांनी घसा खाकरला.

"अक्का," ते म्हणाले, "तेव्हा मी स्वतः यायला हवं होतं."

गंगव्वांनी पदर खोचला. वरच्या पाइपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"आता आलाय न्हवं," त्या म्हणाल्या. "मग त्ये स्टूल धरा. प्लंबर येईस्तवर पाइपाभवतीची जळमटं तरी पुसून घेऊ."

संध्याकाळपर्यंत पाणी बादल्याबादल्यांनी उपसलं गेलं आणि सेक्रेटरींना दिलेल्या शब्दाप्रमाणे चारही मजल्यांचा जिना इतका स्वच्छ झाला, की लोक चपला हातात घेऊन चढायला लागले. शेवटच्या जिन्यावर निधीच्या दोन होड्या मिळाल्या. प्लंबरनं पाइपाची फट वरून भरली, मग खाली येऊन गंगव्वांच्या देखरेखीखाली खालून भरली. सूर्यकांतराव टॉर्च धरून उभे होते आणि गंगव्वा त्यांना टॉर्च कसा धरायचा ते शिकवत होत्या. मसाला पक्का व्हायला चार दिवस लागणार होते. तोवर पुन्हा पाणी भरून बघता येणार नव्हतं.

घरी परतताना सुशांतनं गाडीत विषय काढला. त्याचं म्हणणं सरळ होतं. तुला कोरडं घर लिहून हवं होतं, आणि आता तर गळतंय हेच सिद्ध झालं. दुरुस्ती नीट झाली की नाही हेही उद्या कळणार नाही. मागच्या सीटवर निधी झोपली होती. शाल्मलीनं सवयीनं मागे कान दिला. श्वास सरळ चालला होता.

तिलाही स्वतःचं नवलच वाटत होतं. पानोपानीचे हिरवे ठिपके वाचून तिला तीन दिवस झोप लागली नव्हती, आणि आज डोळ्यांसमोर थेंब पडलेला पाहून तिला भूक लागली होती. "अरे, पण कुठे आहे ते माहीत झालं ना," ती म्हणाली. "पाइपाजवळ आहे. कपाटामागे नाहीये. आणि परत आलं तर गंगव्वांना माझ्याआधी कळेल. आपल्या आत्ताच्या घराखाली कोण राहतं, तुला नाव तरी माहितीये का?"

सुशांतनं सिग्नलला गाडी थांबवली. विचार केला. "दोनशे दोन," तो म्हणाला.

पाडव्याच्या सकाळी गंगव्वांच्या बाल्कनीत गुढी होती. टोकन तिथेच द्यायचं ठरलं, कारण वर बसायला एक उलटी बादली सोडली तर काही नव्हतं. सूर्यकांतराव बायकोलाही घेऊन आले होते आणि ती आल्या आल्या गंगव्वांना इथल्या भाजीबद्दल सांगायला लागली. शाल्मलीनं पर्समधून अडुसष्टावं पान काढलं. चौथ्या ओळीखाली तिनं आदल्या रात्री स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: शुक्रवार-शनिवार पाणी भरून पाहिलं. खालच्या घराचा कोपरा कोरडा. पाइपाची फट सापडली, भरली. नोंदणीआधी पुन्हा पाणी भरून पाहायचं. गळलं तर दुरुस्ती मालकांची. सूर्यकांतरावांनी चष्मा लावून एकेक शब्द वाचला, 'पाहिलं'वरचा अनुस्वार हवा की नको याचा छापखानेवाल्याच्या सवयीनं क्षणभर विचार केला आणि सही केली. मग पान गंगव्वांकडे सरकवलं.

"माझी कशाला?" त्या म्हणाल्या.

"तुमचीच तर हवी," शाल्मली म्हणाली.

त्यांनी सावकाश, कन्नडमध्ये, पूर्ण नावाची सही केली. मग दरवर्षीची पेन्सिल घेऊन स्टुलावर चढून पंचवीसची रेघ ओढली, चोवीसच्या रेघेवर, तेवीसच्या रेघेवर. स्टूल एका बाजूनं सूर्यकांतरावांनी धरलं होतं आणि दुसऱ्या बाजूनं निधीनं.

दहा दिवसांनी पुन्हा पाणी भरलं. दोन दिवस पाइपाभोवती काही दिसलं नाही. जूनमध्ये ते राहायला गेले. सागवानी कपाट शाल्मलीनं सुतार लावून काढलंच. मागची भिंत पांढरी होती आणि कुणीतरी जुन्या मालकांच्या नातवाची उंची तिथे पेननं लिहून ठेवली होती. ते कपाट तिनं हॉलमध्ये लावलं. वाफेचं मशीन तिनं वरच्या फळीवर ठेवलं, टाकलं मात्र नाही.

पहिल्या सकाळी निधीला बाथरूममध्ये उभं करून तिनं डोक्यावर पहिला तांब्या ओतला, आणि हात आपोआप थांबला. पाणी फरशीवरून जाळीकडे गेलं. ती ऐकत राहिली. पोरगी साबण लावून कुडकुडत उभी होती.

डक्टमधून आवाज आला. "कोरडं हाय ग. घाल तिला अंघोळ."

शाल्मलीनं दुसरा तांब्या भरला.